दोघांच्या वाटणीचा देव

उमरीत स्टेशनच्या मागल्या गल्लीत अमृतरावाचं घर विचारलं, तर लहान लेकरूसुद्धा दाखवून द्यायचं. दिवसभर जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधणारा हा माणूस संध्याकाळी मारुतीच्या देवळात मृदंगावर बसला, की दुसराच कुणी वाटायचा. थाप अशी पडायची की झोपेला आलेली म्हातारी माणसंही ताठ बसायची. त्याची बायको पंचफुला मात्र देवळाची पायरी कधी चढली नाही. गल्लीला तेही ठाऊक होतं. पहिल्यांदा बाया कुजबुजल्या, पुढं सवय झाली. अंगणवाडीत लेकरांना खाऊ घालणारी, कुणाच्या बाळंतपणाला आधी धावणारी बाई. तिला नावं ठेवायची तरी किती?

पंचफुला किल्लारीकडची. भूकंप झाला तेव्हा अकरा वर्षांची होती. आदल्या संध्याकाळी गावानं गणपती बोळवले होते, पोरं गुलालाच्या अंगानंच झोपली होती. पहाटे घराचं दगडमातीचं माळवद खाली आलं. आईचा आवाजच आला नाही. धाकटा भाऊ मात्र हाताच्या अंतरावर दबलेला होता आणि बोलत होता. आईनं जेवढे देव शिकवले होते, तेवढ्या सगळ्यांना पंचफुलानं हाका मारल्या. तुळजापूरची आई, घरातला खंडोबा, कालच पाण्यात सोडलेला गणपती. ती म्हणायची, भाऊ तिच्यामागून म्हणायचा. मग त्याचा आवाज बारीक होत गेला आणि ती एकटीच म्हणत राहिली. दुसऱ्या दिवशी मिलिटरीच्या लोकांनी तिला ओढून काढलं. भोवती जमलेल्या बाया म्हणाल्या, "देवानंच वाचवलं गं माय तुला."

"मग माझ्या भावाला कामून न्हाई?" तिनं विचारलं.

उमरीचा मामा येऊन तिला घेऊन गेला. त्या दिवसापासून तिचे हात कुठल्या देवापुढं जुळले नाहीत. त्याचा तिनं कधी गाजावाजा केला नाही, कुणाशी वाद घातला नाही. तिच्यापुरतं ते संपलं होतं.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत अमृतरावाच्या ते ध्यानात आलं. तो म्हणाला, "तू हात जोडत न्हाईस."

"न्हाई."

"कामून?"

"पुरलं मला."

नव्या नवरीवर दुसरा एखादा खेकसला असता. हा हसला. "बरं. मग तुझ्या वाटणीचं बी मीच म्हंतो."

आणि त्यानं खरंच ते धरलं. रोज अंघोळ करून फळीवरच्या देवांना दोन फुलं वाहायचा. एक स्वतःचं, एक तिचं. "हे हिच्या वाटणीचं बरं का," असं देवाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणायचा. पंचफुला चुलीपुढून हसायची. लेक शिल्पा लहान असताना तापानं फणफणली, तेव्हा तो फळीपुढून हलेना. पंचफुलानंच पोरीला दवाखान्यात नेलं. परत आल्यावर ती नवऱ्यावर चिडली, भांडली. पण खरं सांगायचं तर, तो तिथं डोळे मिटून बसलाय या नुसत्या विचारानं वाटेत तिचा जीव थाऱ्यावर राहिला होता. हे तिनं त्याला कधी सांगितलं नाही. स्वतःलाही नीट सांगितलं नाही.

शिल्पा मोठी झाल्यावर अमृतरावाचा आजार बोटांपासून सुरू झाला. एका एकादशीला मृदंगावर डावा हात मागं पडला. भजनी मंडळातले हसले, "अमृतराव, झोप आली काय?" पुढच्या वेळी परत तेच. मग जिनिंगमध्ये हातातून हत्यार निसटायला लागलं. हाताचा पंजा वाळत चालला, दंडाचं मांस आपोआप थरथरायला लागलं. नांदेडला एकानं मानेची नस दबली म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या, पट्टा दिला. शेवटी एका मोठ्या दवाखान्यात सुया टोचून तपासणी झाली. डॉक्टर बाई वयानं शिल्पाहून थोडीच मोठी असेल. तिनं दोघांना समोर बसवलं आणि अगदी हळू आवाजात सांगितलं. हा नसांचा आजार आहे. अंगातले सगळे स्नायू एकेक करून निकामी होत जातील. हात, पाय, मग बोलणं, गिळणं, शेवटी श्वास. डोकं शेवटपर्यंत साफ राहील.

"औषध?" पंचफुलानं विचारलं.

"बरं करणारं औषध नाही, काकू."

दवाखान्याबाहेर ऑटोवाले ओरडत होते. अमृतराव एका बाकावर बसला आणि म्हणाला, "डॉक्टरच्या वर बी कुणी हाय. तू भिऊ नको."

मग सुरू झालं ते सगळं. मंडळानं सप्ताह धरला. शिल्पा लातूरला नर्सिंगला होती. पुस्तकात या आजाराचं पान तिनं वाचलेलं होतं, तरी ती येताना काळा दोरा घेऊन आली आणि बापाच्या दंडाला बांधताना मान वर करेना. शेजारच्या जोहराआपांनी कंधारच्या दर्ग्यावरून फुंकलेलं पाणी आणलं. माहूरच्या गडावर चढायचं त्याच्या मनात होतं. पाय तोवर लटपटायला लागले होते. पंचफुलानं त्याला डोलीतून वर नेलं. गर्दीत ती त्याला मागून धरून उभी होती. तो देवीपुढं लेकरासारखा रडला. पंचफुलाला त्या क्षणी वाटलं, देवी असती तर किती बरं झालं असतं. एवढंच वाटलं. हात जुळले नाहीत, कारण ते त्याच्या काखेत होते, आणि सोडले असते तर तो पडला असता.

पावसाळा संपता संपता त्याचे दोन्ही हात गेले. पोळ्याला तो चालत होता, दसऱ्याला खाटेवर होता. जीभ जड झाली. बोलणं असं यायचं, जणू तोंडात लोण्याचा गोळा आहे. सकाळी तो सांगायचा आणि पंचफुला त्याच्या वतीनं फळीवर फुलं वाहायची. दोन फुलं. ती विश्वास नसताना वाहत होती, पण त्याचं समाधान होत होतं, म्हणून वाहत होती.

एका दुपारी तिनं त्याला पेज भरवली, तोंड पुसलं, आणि तो म्हणाला, "ते उचल."

"काय उचलू?"

त्यानं डोळ्यांनी फळीकडं दाखवलं.

"देव?"

"हाव."

पंचफुलाच्या हातातली वाटी तशीच राहिली. "असं कामून म्हंता तुमी?"

त्याला एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. "कुणी ऐकत न्हाई. मी लई बोललो. रात्रंदिवस. तिकडं कुणीच न्हाई गं." थोडा दम खाऊन तो म्हणाला, "तू कशी जगलीस? येवढी वर्षं? त्याच्याबिगर? मला शिकव."

एवढा मोठा माणूस, आणि असं विचारत होता, जसं एखादं पोर पाटीवर अक्षर काढून मागतं. पंचफुला खाटेच्या कडेला बसली. तिला वाटलं, आता आपल्यापाशी काहीतरी निघेल. तीस वर्षं आपण देवाशिवाय काढली, त्यात काहीतरी साठलं असेलच. ती शोधत राहिली. तिला आठवली ती नुसती कामं. सकाळी उठणं, चूल, अंगणवाडी, शिल्पाच्या वेण्या. आणि फळीपुढून येणारा त्याचा आवाज. हे हिच्या वाटणीचं बरं का.

मग तिनं त्याला पहिल्यांदा माळवदाखालचं सगळं सांगितलं. भाऊ कसा मागून म्हणत होता, आवाज कसा बारीक होत गेला. इतक्या संसारात तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "तवा तुला कशानं धीर आला?"

"न्हाई आला."

"मग?"

"मग काई न्हाई. उजाडलं."

त्याचे डोळे भरून वाहायला लागले. पुसायला हात उचलत नव्हता. "म्हंजे तुझ्यापाशी बी काईच न्हाई?"

तिला खोटं बोलता आलं असतं. मन घट्ट करायचं असतं, असं काहीतरी म्हणता आलं असतं. तिनं पदरानं त्याचे डोळे पुसले आणि म्हणाली, "न्हाई हो. माझ्यापाशी काईच न्हाई."

त्यानं तोंड भिंतीकडं वळवायचा प्रयत्न केला. मानही वळेना. तिनंच ती वळवून दिली.

तिनं देव फळीवरून उतरवले. मऊ कपड्यात बांधून ट्रंकेत ठेवले. आणि त्या दिवसापासून पंचफुलाचीच झोप उडाली. आजवर घरात कुणीतरी मागणारं होतं. आपण नाही म्हणत होतो ते त्याच्या जिवावर, हे तिला आता कळलं. एकजण पाण्यात उभा आहे म्हणून दुसऱ्यानं काठावर बसून पाणी नाही म्हणावं, तसं झालं होतं. आता काठावर दोघं, आणि समोर काहीच नाही.

थोड्याच दिवसांत तिला ते सहन होईना. एका सकाळी तिनं ट्रंक उघडली, देव परत फळीवर मांडले, निरांजन लावलं आणि त्याला दिसेल अशी बसून हात जोडले. त्याचीच भजनं पुटपुटायला लागली. तिला वाटलं, आपण म्हटलं तर त्याचं परत सुरू होईल. आजवर त्यानं आपल्या वाटणीचं म्हटलं, आता आपण त्याच्या वाटणीचं म्हणू. म्हणताना शब्द चुकत होते. मागून घशातल्या घशात गुरगुरल्यासारखा आवाज आला. वळून बघितलं तर अमृतरावाचं तोंड लाल झालं होतं. तो काय म्हणतोय ते तिला दोनदा वाकून ऐकावं लागलं.

"सोंग नको. तू तरी खरी रहा."

तिनं निरांजन विझवलं. मंडळातले एकदा मृदंग घेऊन आले, त्याच्या खाटेजवळ बसून भजन म्हणतो म्हणाले. त्यानं डोळ्यांनीच त्यांना परतवलं. ती माणसं दारात चपला घालताना पंचफुलाकडं अशी बघत होती, जणू हिनंच त्याच्या कानात काही ओतलंय.

जोहराआपा तेवढ्या येत राहिल्या. दुपारच्या नमाजानंतर यायच्या, अमृतरावाचे पाय चोळत बसायच्या. त्यांचा थोरला, नबील, लग्नाआधीच हिमायतनगरच्या रस्त्यावर ट्रकखाली गेला होता. पंचफुलानं एकदा त्यांना विचारलं, "आपा, नबील गेला तवा तुमचं कसं टिकलं?"

"क्या?"

"अल्लावरचं."

जोहराआपांचे हात थांबले. "कोन बोला टिका?" त्या म्हणाल्या. "सालभर नमाज पढी मैं, खाली मुंह से. सजदे में जाके गालियां दी. मौलवीसाब को मालूम पडता तो निकाल देते." त्या परत पाय चोळायला लागल्या. "तुला खरं सांगू का? अजून बी मला माहीत न्हाई. पन शिव्या द्यायला कुणीतरी होतं समोर. तेवढंच. तुझं तर तेबी न्हाई गं."

पंचफुला मोरीत गेली आणि नळ सोडून रडली. हे खरंच होतं. तिला राग यायचा तो भांड्यांवर काढावा लागायचा, दारावर काढावा लागायचा. एवढा मोठा राग घेऊन जावं अशी जागाच तिच्याकडं नव्हती.

उन्हाळ्यात त्याचं बोलणं पूर्ण गेलं. आता नुसते डोळे. एकदा मिटले की हो, दोनदा मिटले की नाही. शिल्पानं हे ठरवून दिलं. पाणी? हो. कूस बदलू? नाही. माशी बसली तरी त्याला डोळ्यांनी सांगावं लागायचं, आणि तिचं लक्ष नसलं तर माशी बसून राहायची. श्वास अडकायला लागला तेव्हा त्याला नांदेडला नेलं. डॉक्टर म्हणाले, गळ्याला भोक पाडून मशीन लावावं लागेल. मग ते मशीन कायमचं. शिल्पा हट्टाला पेटली, लावाच म्हणाली. पंचफुलानं त्यालाच विचारलं. त्यानं दोनदा डोळे मिटले. परत विचारलं, परत दोनदा. शिल्पा भिंतीला डोकं टेकून उभी राहिली. दोघींनी त्याला घरी आणलं.

शेवटच्या दुपारी घरात पंचफुला एकटीच होती. शिल्पा औषध आणायला गेली होती. त्याचा श्वास वरच्या वर चालला होता आणि डोळे काहीतरी मागत होते. तिनं सगळं विचारून बघितलं. पाणी? नाही. उशी? नाही. शिल्पाला बोलवू? नाही. दुखतंय का? त्यावर त्यानं काहीच केलं नाही. तिला काही सुचेना. रिकाम्या फळीकडं तिचं लक्ष गेलं आणि ती वाकून म्हणाली, "देव आणू का तुमचे? ट्रंकेतच हायत."

त्यानं डोळे मिटले. ती वाट बघत राहिली. एकदा की दोनदा? डोळे लवकर उघडलेच नाहीत. कडेनं पाणी आलं. ती ट्रंकेकडं धावली, कुलूप उघडलं, गाठोडं सोडायला लागली. बोटांना गाठ सुटेना, म्हणून दातांनी ओढली. वळून बघितलं तेव्हा डोळे अर्धे उघडे होते आणि छाती हलत नव्हती.

मंडळ दारात आलं. सगळ्यांच्या गळ्यात टाळ, एकाच्या कमरेला अमृतरावाचाच मृदंग. पुढारी हात जोडून म्हणाला, "वहिनी, त्याला वाजवत नेऊ द्या. पंचवीस वर्षांपासूनचा आमचा गडी हाय."

पंचफुला उंबऱ्यात उभी होती. ती म्हणाली, "त्यांनी नको म्हनलं होतं."

"आजारी माणूस कायबी म्हंतो."

"शुद्धीत म्हनलं होतं. मला खरी रहा म्हनलं होतं." ती उंबऱ्यातून बाजूला झाली. "नुसतं चला. वाजवू नका."

अमृतरावाला उमरीच्या रस्त्यानं मुक्यानं नेलं. माणसं दारादारात उभी होती. टाळ गळ्यात असूनही कुणी वाजवला नाही; चालताना एखादा आपोआप किणकिणायचा आणि घालणारा तो घाईनं मुठीत धरायचा. ते पंचफुलाला ऐकू येत होतं. प्रत्येक वेळी तिला वाटायचं, ओरडून सांगावं, वाजवा रे, माझं चुकलं असेल, वाजवा. तिनं सांगितलं नाही.

रात्री शिल्पानं विचारलं, "शेवटी काय केलं बाबांनी? मला नीट सांग."

पंचफुलानं जसं झालं तसं सांगितलं. काही झाकलं नाही.

शिल्पा उठून उभी राहिली. "एकदाच मिटले?"

"एकदाच. पन लई येळ."

"एकदा म्हंजे हो, आई! मीच ठरवलं होतं ना? एकदा म्हंजे हो!"

"दुसऱ्यांदा मिटायला त्यायच्यापाशी दम नसंल उरला."

"तुला तसं पाहिजे म्हणून तू तसं समजलीस."

पंचफुलाला वाटलं, असेलही. तिला स्वतःलाच कळत नव्हतं. शिल्पा दुसऱ्या दिवशी लातूरला निघून गेली आणि फोन उचलेना. गल्लीतल्या बाया येत, बसत, पण पूर्वीसारखं बोलत नसत. पंचफुला अंगणवाडीत जायची, लेकरांना भरवायची, घरी येऊन दाराकडं तोंड करून बसायची. तिला वाटायचं, ज्यांना देव आहे त्यांना निदान एवढं म्हणता येतं, की तो बरा आहे तिकडं, त्याचे हात परत आले असतील. आणि ज्यांना मुळातच देव नाही, त्यांना म्हणता येतं, की सुटला. तिला दोन्ही म्हणता येत नव्हतं. कारण ते डोळे एकदाच मिटले होते, आणि त्याचा अर्थ सांगणारं आता कुणी नव्हतं.

पावसाला सुरुवात झाल्यावर एकदा शिल्पाचा फोन आला. आवाज कोरडा होता. "मी उद्या नांदेडला येणार. बाबांच्या नावानं नदीवर विधी करून घेणार. तुला सांगते, बस."

"कुणासोबत येशील?"

"एकटीच."

पंचफुला उमरीहून सकाळच्या गाडीनं नांदेडला गेली. शिल्पा घाटावर गुरुजींपाशी आधीच येऊन बसली होती. आईला बघून तिचा चेहरा हलला, पण ती परत गुरुजींकडं वळली. पंचफुला लांब पायरीवर बसून राहिली. सगळं उरकल्यावर शिल्पा केळीच्या पानावरचा पिंड घेऊन पाण्यात उतरली. गोदावरीला गढूळ पाणी चढलं होतं, खालच्या पायऱ्यांवर शेवाळ होतं. पोरीचा पाय एकदा घसरला.

पंचफुला उठली, लुगडं खोचलं आणि पाण्यात उतरली. मागून तिनं शिल्पाचे खांदे धरले. गुरुजी काठावरून म्हणाले, "आई, तुम्हीपण हात जोडा."

"न्हाई," पंचफुला म्हणाली. "मी हिला धरलंय."

शिल्पानं पान पाण्यावर सोडलं. ते थोडं गोल फिरलं आणि धारेला लागलं. शिल्पा काहीतरी पुटपुटत होती, मग पुटपुटणं थांबलं आणि तिची पाठ हादरायला लागली. ती मागं वळली नाही, पण आईच्या हातावर तिनं आपली हनुवटी दाबून धरली. पंचफुला पाण्याकडं बघत राहिली. तिला कुठं काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही, छातीवरचा धोंडा तसूभरही हलला नाही. पाणी गुडघ्याच्या वर येत होतं. तिनं पोरीला आणखी घट्ट धरलं आणि म्हणाली, "हळू. मागली पायरी आधी बघ, मग पाय टाक."